ऋत्विक घटक : घर हरवलेल्यांचा चित्रपटकार

मांडवीच्या उत्तर तीरावरील आमोणे, नार्वे आणि डिचोली महालातील इतर गावांच्या वाचकाला विस्थापन म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. सोळाव्या शतकात दिवाडी बेटावरील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय उद्ध्वस्त झाले, तेव्हा भक्तांनी आपला देव नदीपार आणला. नव्या जागेलाही पुढे नार्वे हेच नाव रूढ झाले. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली गेले. तोवर येथली नदी हीच दोन राज्यांमधली हद्द होती. गाव सुटले तरी गावाचे नाव, देव, ओवी आणि उत्सव माणूस बरोबर नेतो आणि त्यांच्या आधाराने परक्या मातीत मूळ धरतो, हा आपल्या पूर्वजांचा अनुभव आहे.

विसाव्या शतकात बंगालमधील लक्षावधी माणसांच्या वाट्याला हाच अनुभव आला, आणि तो चित्रपटाच्या भाषेत मांडण्यासाठी एका कलावंताने आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव ऋत्विककुमार घटक. उण्यापुऱ्या पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी अवघे आठ कथाचित्रपट पूर्ण केले. त्यांतला एक सोडला तर बाकीच्यांना प्रेक्षकांचा फारसा आश्रय लाभला नाही. दोन तर त्यांच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाले. तरीही भारतीय चित्रपटाचा इतिहास आज त्यांच्या नावाशिवाय लिहिता येत नाही. ते बंगाली असले तरी मुंबई आणि पुणे या दोन्ही नगरांशी त्यांचा संबंध आला. त्यातही पुण्यातील त्यांच्या अल्प वास्तव्याने जे पेरले, ते पुढे साऱ्या देशात उगवले. म्हणून त्यांच्या चरित्राचा परिचय मराठी ग्रंथालयाच्या सभासदांना करून देणे अप्रस्तुत ठरू नये.

ऋत्विक यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९२५ रोजी ढाका येथे झाला. वडील सुरेशचंद्र घटक हे सरकारी सेवेत जिल्हा दंडाधिकारी होते. आईचे नाव इंदुबाला. ऋत्विक आणि प्रतीती ही जुळी भावंडे या मोठ्या कुटुंबातली शेंडेफळे. थोरले बंधू मनीष घटक हे बंगालीतील नामवंत लेखक. प्रख्यात कादंबरीकार महाश्वेता देवी या त्यांच्या कन्या. घरात साहित्य आणि संगीत यांचे वातावरण होते. ऋत्विक यांच्या बालपणाचा आणि कुमारवयाचा मोठा काळ पद्मा नदीच्या काठी राजशाही येथे गेला. अथांग पात्र, त्यावरील नावा, नावाड्यांची गाणी आणि पावसाळ्यात एकमेकांत मिसळून जाणारे पाणी नि आभाळ यांचा संस्कार त्यांच्या मनावर कायमचा झाला.

ते जाणते झाले तो काळच विलक्षण होता. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून आणि रोगराईने मेली. खेड्यांतून निघालेले सांगाडे कलकत्त्याच्या पदपथांवर मूठभर भातासाठी, अखेर भाताच्या पेजेसाठीही, हात पसरत होते. १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वेळी बंगालचे दोन तुकडे झाले. पद्मेचा काठ परदेशात गेला. घटक यांच्या घरात तर ही रेषा जुळ्या भावंडांमधूनच गेली. प्रतीती यांचा विवाह कुमिल्ला येथील धीरेंद्रनाथ दत्त यांच्या पुत्राशी झाला आणि त्या पलीकडेच राहिल्या. १९४८ साली पाकिस्तानच्या घटना समितीत बंगाली भाषेला मानाचे स्थान मिळावे अशी मागणी करणारे आणि १९७१ साली पाकिस्तानी सैन्याच्या हातून बळी गेलेले ते हेच धीरेंद्रनाथ. भाषा आणि भूमी यांच्या प्रश्नाची झळ घटक कुटुंबाला किती जवळून लागली होती, याची कल्पना यावरून यावी.

बहरामपूरच्या महाविद्यालयातून १९४८ साली पदवी घेतल्यावर ऋत्विक एम. ए. साठी कलकत्ता विद्यापीठात दाखल झाले. पण तो अभ्यासक्रम पुरा झाला नाही. त्यांनी आरंभी कथा लिहिल्या. परंतु छापील शब्द फार थोड्यांपर्यंत पोहोचतो असे त्यांना वाटू लागले आणि ते भारतीय जननाट्य संघाच्या चळवळीत सामील झाले. ही संस्था म्हणजे त्या पिढीच्या प्रतिभावंतांचे गोकुळ होते. निर्वासितांच्या जीवनावर त्यांनी ‘दलील’ हे नाटक लिहिले. दलील म्हणजे दस्तऐवज. ज्यांच्या घरादाराचे कागद एका रात्रीत कवडीमोल झाले, त्यांच्या हक्काचा हा दस्तऐवज. १९५३ साली मुंबईत भरलेल्या जननाट्य संघाच्या अखिल भारतीय अधिवेशनात या नाटकाला पहिल्या क्रमांकाचा मान मिळाला.

नाटकाहून अधिक माणसांपर्यंत नेणारे साधन म्हणून ते चित्रपटाकडे वळले. निमाई घोष यांच्या ‘छिन्नमूल’ (१९५०) या निर्वासितांवरील चित्रपटात त्यांनी भूमिका केली आणि साहाय्यक म्हणूनही काम पाहिले. १९५२ साली त्यांनी ‘नागरिक’ हा स्वतःचा पहिला चित्रपट पूर्ण केला. नोकरीच्या शोधात कलकत्त्याचे रस्ते तुडवणारा तरुण आणि एकेक पायरी उतरत अखेर झोपडवस्तीत जाऊन पडणारे त्याचे कुटुंब, असा त्याचा विषय. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ त्यानंतर तीन वर्षांनी आला. ‘नागरिक’ मात्र डब्यात बंद राहिला आणि १९७७ साली, कर्त्याच्या निधनानंतर, प्रेक्षकांसमोर आला. त्या वेळेवर प्रदर्शित झाला असता तर काय झाले असते, हा तर्क अभ्यासक आजही करतात.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यात आणखी एक ताटातूट घडली. कलावंत आणि पक्ष यांचे नाते कसे असावे, यासंबंधी १९५४ साली त्यांनी कम्युनिस्ट पक्षाला एक सविस्तर प्रबंध सादर केला. लोकपरंपरेतील गाणी, कथा आणि देवता यांना मागासलेपणाची लक्षणे समजून दूर लोटू नये, जनतेचे मन तेथेच नांदते, ही त्यांची धारणा होती. १९५५ साली त्यांना पक्षातून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी सुरमादेवींशी त्यांचा विवाह झाला. देश दुभंगला होताच; आता ज्या वैचारिक घरात ते वाढले होते, त्याचेही दार बंद झाले.

विवाहानंतर ते मुंबईस आले आणि फिल्मिस्तान या चित्रसंस्थेच्या कथाविभागात रुजू झाले. हृषिकेश मुखर्जी यांच्या ‘मुसाफिर’ (१९५७) या चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा सहभाग होता. बिमल राय यांच्या ‘मधुमती’ची (१९५८) कथा त्यांचीच. पुनर्जन्मावरची ही कथा देशभर गाजली आणि त्या चित्रपटाला नऊ फिल्मफेअर पारितोषिके मिळाली. मुंबईत राहते तर त्यांना धन आणि स्थैर्य दोन्ही लाभले असते. परंतु ठरीव साच्याच्या कथा लिहून देण्यात त्यांचा जीव रमला नाही. ते कलकत्त्याला परतले.

परतल्यावर आलेला ‘अजांत्रिक’ (१९५८) हा सुबोध घोष यांच्या कथेवरील चित्रपट. बिमल नावाचा एकाकी चालक आणि जगद्दल नावाची त्याची मोडकळीला आलेली जुनी शेव्हरोले मोटार यांच्या स्नेहाची ही कथा छोटानागपूरच्या उराँव आदिवासींच्या मुलखात घडते. त्या मोटारीची घरघर, तिचे रुसणे आणि पाणी पिणे यांना घटक यांनी ध्वनिपटावर जिवंत प्राण्याचे रूप दिले. यंत्र हे परकीय आणि आपल्या संस्कृतीचे वैरी, असे मानणाऱ्यांच्या पंक्तीला ते बसले नाहीत. अखेरीस मोटार भंगारात जाते आणि एक लहान मूल तिचा भोंगा वाजवीत खेळू लागते, तेव्हा बिमलच्या चेहऱ्यावर हसू उमटते. जुने मरते, पण त्याचा आवाज कोणाच्या तरी हाती राहतो, ही या लेखकाची श्रद्धा येथे प्रथम दिसते. हा चित्रपट १९५९ च्या व्हेनिस महोत्सवात दाखविला गेला.

यानंतरचे तीन चित्रपट हे घटक यांच्या कीर्तीचे मुख्य अधिष्ठान होत. पहिला ‘मेघे ढाका तारा’ (१९६०). कलकत्त्याबाहेरच्या निर्वासित वसाहतीत राहणारी नीता आईवडील, भाऊ आणि बहीण यांना आपल्या कमाईवर जगविते. तिच्या प्रियकराशी बहीण विवाह करते, भाऊ मोठा गायक होतो, आणि नीता क्षयाने खंगत जाते. अशी कथा अश्रुपाती बोलपटातही सापडेल. घटक यांनी तिला वेगळ्या उंचीवर नेले ते पुराणकथेच्या आणि ध्वनीच्या बळावर. आपल्याकडे गौर माहेरी येते आणि परत जाते, तशी बंगालमध्ये उमा शरद ऋतूत माहेरी येऊन पुन्हा कैलासाला निघते. तिला निरोप देणाऱ्या गीतांचे सूर नीतेच्या कथेमागे वाजत राहतात. साऱ्यांना पोसणारी मुलगी हीच घराची देवी आणि तिचेच विसर्जन होते, हे प्रेक्षकाला शब्दांवाचून उमगते. प्रियकराने केलेला विश्वासघात कळताच पडद्यावर कोणी चाबूक उगारलेला नसताना ध्वनिपटावर चाबकाचे फटके ऐकू येतात. मुलगी लग्न करून गेली तर चूल कशी पेटणार, ही आईची धास्ती शिजणाऱ्या भाताच्या रटरटण्यातून व्यक्त होते. घटक यांच्या हयातीत लोकांनी मनापासून स्वीकारलेला चित्रपट हा एकच.

दुसरा ‘कोमल गांधार’ (१९६१). आपापसांतील हेव्यादाव्यांनी फुटलेल्या नाटकमंडळ्यांची ही कथा. घर, देश आणि चळवळ या तिन्हींचे तुकडे तीत एकमेकांत गुंतले आहेत. पद्मेच्या तीरावर भृगू आणि अनसूया उभी असतात. एके काळी पलीकडे घेऊन जाणारा लोहमार्ग आता सरहद्दीपाशी अडसर घालून संपविलेला आहे. कॅमेरा त्या रुळांवरून वेगाने धावत सुटतो, पार्श्वभूमीला नावाड्यांची आळवणी चढत जाते, आणि अडसरावर आदळताच पडदा काळा होतो. फाळणीवर लिहिलेल्या कित्येक ग्रंथांना जे साधले नाही, ते या काही क्षणांत साधले आहे. तथापि हा चित्रपट पडला. स्वकीयांवरची टीका चळवळीतील अनेकांना रुचली नाही.

तिसरा ‘सुवर्णरेखा’. तो १९६२ मध्ये तयार झाला आणि १९६५ साली प्रदर्शित झाला. नवजीवन नावाच्या निर्वासित वसाहतीतून ईश्वर हा गृहस्थ आपली धाकटी बहीण सीता आणि अभिराम हा आईपासून दुरावलेला अनाथ मुलगा यांना घेऊन सुवर्णरेखा नदीच्या काठी नोकरीवर जातो. मुले मोठी होतात, एकमेकांवर प्रेम करू लागतात. परंतु अभिरामची आई हीन समजल्या जाणाऱ्या जातीची होती हे कळताच ईश्वर त्या विवाहाला विरोध करतो. सीता पळून जाऊन लग्न करते. पुढे पती अपघातानंतर जमावाच्या हातून मारला जातो, आणि पोटासाठी देहविक्रय करण्याची वेळ तिच्यावर येते. तिच्या दाराशी नशेत आलेले पहिले गिऱ्हाईक तिचा भाऊच असतो. सीता स्वतःचा अंत करून घेते.

हा योगायोग अनेक समीक्षकांना अतिरंजित वाटला. घटक यांना मात्र योगायोगाची लाज वाटत नव्हती. आपल्या पुराणांत आणि महाकाव्यांत योगायोगांनीच नियती बोलते, आणि ज्या स्त्रीवर समाज हात टाकतो ती कोणाची ना कोणाची बहीण असतेच, हे त्यांना सांगायचे होते. याहून महत्त्वाची गोष्ट ईश्वराच्या व्यक्तिरेखेत आहे. तो स्वतः बेघर झालेला आहे. तरीही जातीच्या नावाने दुसऱ्या बेघराला उंबऱ्याबाहेर ठेवतो. विस्थापिताच्या गाठोड्यात गाणी आणि देव असतात, तशीच सोवळ्याओवळ्याची विटाळवस्त्रेही असतात. सांस्कृतिक अस्मितेचा कैवार घेणाऱ्या पुष्कळांना तिची ही दुसरी बाजू दिसत नाही. घटक यांना ती दिसली आणि त्यांनी ती झाकली नाही. म्हणूनच त्यांच्या चित्रपटांतले दुःख भाबडे होत नाही.

‘सुवर्णरेखा’नंतर पुढील चित्रपटांसाठी धन मिळेना. अशा वेळी ते पुण्याच्या भारतीय चित्रपट संस्थेत अध्यापक म्हणून आले आणि अल्पावधीत उपप्राचार्य झाले. ही संस्था १९६० साली जेथे स्थापन झाली, ती जागा मराठी माणसाला परक्याची नाही. कोल्हापुरात १९२९ साली निघालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये पुण्यात उभारलेला हाच तो स्टुडिओ. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) येथेच जन्मला. अभंग आणि श्रद्धा यांतून चित्रपटाचे रूप घडविणाऱ्या मंडळींच्या अंगणात लोकगीत आणि पुराणकथा यांवर भिस्त ठेवणारा हा बंगाली शिक्षक १९६५-६६ या काळात उभा राहिला, हा योग मनोज्ञ म्हटला पाहिजे.

घटक पुण्यात थोडाच काळ राहिले. पण वर्गाच्या वेळापत्रकात न मावणारा असा तो गुरू होता. झाडाखाली, वसतिगृहाच्या खोलीत, रात्री उशिरापर्यंत त्यांचे शिकविणे चाले. विदेशी कलाकृतींचा आदर करा, पण आपल्या मातीतल्या महाकाव्यांपासून आणि संगीतापासून तुटू नका, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. ‘उसकी रोटी’चे मणी कौल, ‘मायादर्पण’चे कुमार साहनी आणि मल्याळम चित्रपटातील जॉन अब्राहम हे त्यांचे शिष्य. तिघांच्या वाटा निरनिराळ्या, भाषा निरनिराळ्या. गुरूची नक्कल एकानेही केली नाही. चित्रपटांनी जे घराणे उभे केले नाही, ते त्यांच्या अध्यापनाने उभे केले.

पुण्याहून परतल्यानंतरची वर्षे कष्टाची गेली. मद्याचे व्यसन बळावले, प्रकृती ढासळली, मानसिक उपचारांसाठी रुग्णालयात राहावे लागले. तेथेही १९६९ च्या सुमारास सहरुग्णांना घेऊन त्यांनी नाटक बसविले. पत्नी सुरमादेवींनी शाळेत नोकरी पत्करून तीन मुलांचा संसार सावरला. कलावंताच्या जीवनाची किंमत अनेकदा घरच्यांना चुकती करावी लागते, आणि चरित्रकाराने ती बाजू गौरवाच्या भरात लपवू नये. १९७० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

१९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला आणि जन्मभूमीची वाट पुन्हा खुली झाली. तेथे जाऊन त्यांनी ‘तिताश एकटि नदीर नाम’ (१९७३) हा चित्रपट केला. मूळ कादंबरी अद्वैत मल्लबर्मन यांची. ते स्वतः मालो या मच्छीमार समाजात जन्मलेले. तिताश नदीचे पात्र आटते आणि तिच्यावर जगणारी मालो वस्ती, तिची गाणी आणि तिचा आचार विस्कटून जातो. येथे कोणी सरहद्द आखत नाही. नदीच माणसांना सोडून जाते. साळावली धरणाच्या पाण्याखाली कुर्डी गाव गेल्याचे ज्या गोमंतकाने पाहिले, आणि मोगूबाई कुर्डीकरांच्या नावात ते जपले, त्याला या चित्रपटाचा अर्थ सहज कळेल. शेवटी मरणासन्न बासंती वाळूत खड्डा खणून ओंजळभर पाणी मिळविते, आणि तिला हिरव्या भातशेतातून पिपाणी वाजवीत धावणारे मूल दिसते. ‘अजांत्रिक’मधल्या भोंग्याचाच हा दुसरा सूर.

‘जुक्ति तक्को आर गप्पो’ (१९७४) हा अखेरचा चित्रपट. त्यात नीलकंठ बागची या मद्यपी, पराभूत बुद्धिवंताची भूमिका त्यांनी स्वतः केली. घर सुटलेला नीलकंठ, बांगलादेशातून आलेली बंगबाला नावाची मुलगी, नोकरी गेलेले संस्कृतचे शिक्षक आणि एक बेकार तरुण असे चौघे भटकत राहतात. वाटेत पुरुलियाच्या छाऊ नृत्याचे मुखवटे घडविणाऱ्या कारागिराकडे आसरा घेतात. शेवटी नक्षलवादी तरुण आणि पोलीस यांच्या गोळीबारात नीलकंठ मरतो. इतक्या निर्दयपणे स्वतःचा हिशेब जाहीरपणे मांडणारा चित्रपटकार आपल्याकडे दुसरा झाला नाही. या चित्रपटाच्या कथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रदर्शन मात्र १९७७ साली झाले. ते पाहण्यास घटक नव्हते. ६ फेब्रुवारी १९७६ रोजी कलकत्त्यात, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

मरणोत्तर त्यांची कीर्ती वाढत गेली. त्यांच्या चित्रपटांचे महोत्सव देशोदेशी भरले. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या साहाय्याने २०१० साली ‘तिताश’च्या प्रतीचे जतन-पुनरुज्जीवन झाले. २०२५ साली त्यांची जन्मशताब्दी आली. पण त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, राजशाही येथील त्यांचे वडिलोपार्जित घर पाडले गेले. ज्याने आयुष्यभर हरवलेल्या घराची कथा सांगितली, त्याचे स्वतःचे घरही राहिले नाही. चित्रपट तेवढे राहिले. आणि तेही आपोआप नव्हे. ‘नागरिक’ची प्रत कोणीतरी शोधली, कोणी फिती साफ केल्या, कोणी त्यांचे लेख गोळा करून छापले, म्हणून राहिले.

घटक यांचे म्हणणे थोडक्यात असे मांडता येईल. माणसाची मुळे जमिनीत असतात तशीच ती गीतात, कथेत आणि भाषेतही असतात. जमीन हिरावली तरी ही मुळे वाचविता येतात. मात्र त्यासाठी त्यांना पाणी घालणारे कोणी हवे, आणि त्यांचे कुंपण करून दुसऱ्याला बाहेर ठेवण्याचा मोह आवरला पाहिजे. परक्या अमलात पोथ्या आणि पुस्तके सांभाळून ज्यांनी आपल्या भागात ग्रंथालये चालविली, त्यांना हे तत्त्व कोणी शिकविले नव्हते. त्यांनी ते आचरले. ‘मेघे ढाका तारा’, ‘सुवर्णरेखा’ आणि ‘तिताश’ हे तीन चित्रपट तरी आपल्या सभासदांनी आवर्जून पाहावेत, आणि ग्रंथालयाने त्यांच्या प्रदर्शनाचा योग शताब्दी वर्षात घडवून आणावा, एवढी विनंती करून हा चरित्रपरिचय पुरा करतो.